डायलिसिसवर असताना वजन उतरतंय? आधी काय उतरतंय ते बघा

मधुमेह झाला, रक्तदाब वाढला की पहिला सल्ला मिळतो तो वजन कमी करण्याचा, आणि तो बरोबरच असतो. पुढे त्याच माणसाची मूत्रपिंडं निकामी होतात, डायलिसिस सुरू होतं, पण वर्षानुवर्षं मनात मुरलेला तो सल्ला तसाच चालू राहतो. गालफडं बसतात, बांगड्या कोपराकडे सरकायला लागतात, सदरा खांद्यावरून ओघळतो आणि घरचे म्हणतात, "चला, वजन तरी आटोक्यात आलं." डायलिसिसवरच्या माणसाच्या बाबतीत ही समाधान मानण्याची गोष्ट नव्हे. ताबडतोब डॉक्टरांच्या कानावर घालावी अशी ती गोष्ट आहे.

हे सांगायला आधार आहे. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स इथले मूत्रपिंडतज्ज्ञ कमयार कलंतर-झादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोडायलिसिसवरच्या ५३५ रुग्णांच्या शरीरातली चरबी मोजली. दंडावर इन्फ्रारेड किरण टाकून काही सेकंदांत चरबीचा अंदाज देणारं यंत्र त्यांनी वापरलं आणि मग या रुग्णांवर ३० महिने लक्ष ठेवलं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरात चरबी १२ टक्क्यांहून कमी होती, त्यांच्या मृत्यूचा धोका २४ ते ३६ टक्के चरबी असलेल्यांच्या चौपट निघाला. सहा महिन्यांनी पुन्हा मोजमाप केलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची चरबी या काळात एक टक्का किंवा त्याहून जास्त घटली होती, त्यांचा धोका तेवढी चरबी वाढलेल्यांच्या दुप्पट होता. म्हणजे शरीरात चरबी किती आहे याइतकंच ती कुठल्या दिशेला चालली आहे याला महत्त्व आहे. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो, कारण दिशा घरच्या घरी ओळखता येते आणि वेळेत कळली तर बदलताही येते.

निरोगी माणसांत जास्त वजन घातक आणि डायलिसिसवर तेच तारक, असं उलटं का व्हावं? एक कारण वेळेचं आहे. चरबीमुळे रक्तवाहिन्यांचं नुकसान व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. डायलिसिसवरच्या माणसाला खरा धोका असतो तो उद्या-परवा येणाऱ्या तापाचा, कॅथेटरच्या जंतुसंसर्गाचा, न्यूमोनियाचा, हाड मोडण्याचा. अशा वेळी जेवण तुटतं आणि शरीर साठ्यावर जगतं. कोकणातल्या घरात पावसाळ्यापूर्वी भरलेली बेगमी जे काम करते, तेच काम इथे अंगावरची चरबी करते. ज्याच्याकडे साठा नाही, त्याचं शरीर पहिल्याच आठवड्यात स्वतःचे स्नायू जाळायला लागतं.

पण एवढं वाचून तूपसाखरेचा मारा सुरू करू नका. हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. ज्याला भूक लागते, जो नीट जेवतो, त्याच्या अंगावर चरबी टिकते आणि तोच जास्त जगतो. इथे चरबी हे कारण आहे की नुसती खूण, हे अशा अभ्यासांतून ठामपणे सिद्ध होत नाही. शिवाय चरबी कुठे साठली आहे याने फार फरक पडतो. दक्षिण इटलीतल्या संशोधकांनी ५३७ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात पोटाचा घेर जितका जास्त तितका मृत्यूचा धोका जास्त निघाला, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा. त्याच रुग्णांत उंचीच्या मानाने वजन जास्त असणं मात्र संरक्षक ठरलं. २००३ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात स्नायूंचा अंदाज घेतला गेला होता. त्यात जास्त वजनाचा फायदा फक्त ज्यांचे स्नायू शाबूत होते त्यांनाच मिळाल्याचं दिसलं. आणि २००४ साली अमेरिकेतच वेगवेगळ्या वंशांचे रुग्ण तपासले, तेव्हा गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांत दिसलेला लठ्ठपणाचा फायदा आशियाई वंशाच्या रुग्णांत दिसला नाही. आपल्या लोकांची ठेवण तर हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी. म्हणून आपल्याला "जाड असणं चांगलं" असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. आपल्याला काढता येतो तो निष्कर्ष असा: अंगावरचं मांस आणि चरबी नकळत घटू देऊ नये, आणि पोट वाढू देऊ नये.

काटा खोटं कसं बोलतो

घरी रोज आणि सेंटरवर दर फेरीला वजन होतं, मग झीज नजरेतून सुटते कशी? कारण काटा पाणी, चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही.

समजा तुमचं ड्राय वेट, म्हणजे डायलिसिस संपल्यावर जादा पाणी निघून गेल्यावरचं वजन, ५८ किलो ठरलं आहे. मध्येच टायफॉइड होतो, तीन आठवडे पेजेवर निघतात, दोन किलो मांस झडतं. सेंटरवर मात्र फाइलमध्ये ५८ लिहिलेलं असतं आणि टेक्निशियन मशिन लावताना ५८ वरच आणून सोडतो. आता त्या ५८ किलोंत दोन किलो पाणी आहे. झडलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली आणि काट्यावर काहीच दिसलं नाही. रक्तदाब चढायला लागतो, गोळ्या वाढतात, रात्री आडवं झाल्यावर धाप लागते, उशा दोनाच्या तीन होतात. घरच्यांना वाटतं हृदयाचं काही नवं निघालं. तसं असूही शकतं, पण आधी विचारायला हवं ते हे की ड्राय वेट आता ५६ झालं आहे का.

उलटंही होतं. आजारातून उठल्यावर भूक परतते, माणूस नीट जेवायला लागतो, दोन किलो मांस-चरबी पुन्हा धरते. सेंटर मात्र ५६ वरच ओढत राहतं. मग शेवटच्या तासात पायात गोळे येतात, बीपी पडतं, घरी आल्यावर दिवसभर उठवत नाही. अशा वेळी "पाणी कमी प्या" हा सल्ला अपुरा पडतो. ड्राय वेट वाढवावं लागतं, आणि ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं.

दोन डायलिसिसच्या मधे वाढतं ते वजन पाण्याचं असतं, त्याला तब्येत सुधारणं म्हणू नका. तुलना नेहमी डायलिसिस संपल्यानंतरच्या वजनाशी करा, आणि तीही महिन्या-महिन्याची.

दोन रिपोर्ट असे आहेत जे वाचून घरात उगाच आनंद होतो. क्रिएटिनिन त्यातलं पहिलं. डायलिसिसच्या आधी घेतलेल्या रक्तात ते अकरावरून हळूहळू सहावर आलं की किडनी सुधारतेय अशी आशा वाटते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. लघवी जवळपास बंद असलेल्या आणि नेमाने डायलिसिस घेणाऱ्या माणसात ते महिनोन्महिने घसरत असेल, तर बहुधा स्नायू कमी झालेले असतात. दुसरं कोलेस्टेरॉल. ते १०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर डायलिसिसवर ती उपासमारीची खूण मानली जाते. अल्ब्युमिन ३.८ ग्रॅमच्या खाली असणं हीदेखील धोक्याचीच खूण, मात्र ते नुसत्या कमी खाण्याने उतरत नाही. अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असली तरी उतरतं. म्हणून प्रोटीन पावडर आणण्याआधी कॅथेटर, दात, पायाची जखम यांकडे बघावं.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००८ साली या झिजेच्या खुणा ठरवून दिल्या. त्यांतल्या घरी लक्षात ठेवण्याजोग्या दोन आहेत. मनात नसताना तीन महिन्यांत ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन जाणं ही पहिली. ५८ किलोच्या माणसाचे तीन महिन्यांत २.९ किलो गेले तर ती झीज या खुणेत बसते. दुसरी खूण शरीरातली एकूण चरबी १० टक्क्यांहून कमी असण्याची.

मोजायचं कसं

चांगल्या सेंटरांत बायोइम्पिडन्सचं यंत्र असतं. हातापायाला चिकटपट्ट्या लावून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतात आणि अंगातलं पाणी, चरबी, स्नायू यांचा वेगवेगळा अंदाज मिळतो. तुमच्या सेंटरवर ते असेल तर तीन-चार महिन्यांनी एकदा करून घ्या. पेसमेकर असेल तर आधी सांगा. बाजारात मिळणारे चरबी दाखवणारे घरगुती वजनकाटे मात्र डायलिसिसवरच्या माणसाने विकत घेऊ नयेत. ते पाण्याच्या प्रमाणावरून चरबीचा आकडा काढतात, आणि तुमचं पाणी तर दर दोन दिवसांनी बदलतं.

यंत्र नसलं तरी अडत नाही. शिंप्याकडे असतो तो कापडी टेप पुरतो. फिस्टुला नसलेला हात निवडा. तो सैल सोडून उभे राहा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा आणि तिथे दंडाचा घेर मोजा. टेप कातडीला टेकावा, रुतू नये. हे मोजमाप महिन्यातून एकदा, डायलिसिसनंतर, शक्यतो एकाच माणसाने घ्यावं. हात बदलला, माणूस बदलला, डायलिसिसच्या आधी मोजलं, की आकडा हलतो आणि उगाच घाबरायला होतं.

दंडाच्या मागच्या बाजूला, त्याच उंचीवर, कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरून तिची जाडी मोजायला कॅलिपर नावाचा साधा चिमटा मिळतो. हे काम आहारतज्ज्ञाकडून करून घ्या, सरावाशिवाय ते नीट जमत नाही. दोन्ही आकडे हातात आले की स्नायू आणि चरबी वेगळी करता येते. जाडीला ३.१४ ने गुणायचं आणि ते घेरातून वजा करायचं. घेर २७ सेंटिमीटर आणि जाडी १२ मिलिमीटर, म्हणजे १.२ सेंटिमीटर असेल, तर स्नायूंचा घेर साधारण २३.२ येतो. पुढे घेर २६ झाला आणि जाडी ८ मिलिमीटरवर आली, तर स्नायूंचा घेर २३.५, म्हणजे स्नायू जवळपास जागच्या जागी आहेत, गेली ती चरबी: खाण्यातल्या उष्मांकांची तूट आहे. पण घेर २६ होऊन जाडी १२ वरच राहिली, तर स्नायूंचा घेर २२.२ वर उतरला. इथे प्रथिनं, हालचाल आणि आतली सूज, तिन्हींचा तपास करावा लागतो. दोन्ही वेळा दंडाचा घेर सारखाच घटला, तरी दोन्हींवरचा उपाय एक नाही. म्हणून ही आकडेमोड करून घ्यायची.

तिसरं माप पोटाचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, उभं राहून, श्वास सोडून टेप धरा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेघ मानतात. पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी, करणाऱ्यांनी पोटातलं द्रव काढून टाकल्यावर मोजावं. पीडीच्या द्रवातलं ग्लुकोज अंगात शिरतं आणि त्यामुळे पोट वाढतं, हे त्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

हे तीन आकडे, डायलिसिसनंतरचं वजन आणि अल्ब्युमिन एका वहीत तारखेने लिहा. मोबाइलपेक्षा वही बरी. सेंटरवर डॉक्टरांच्या हातात ती देता येते आणि सहा महिन्यांचा प्रवास एका पानावर दिसतो.

ताटात काय हवं

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होतं ते जुनं पथ्य न सोडल्यामुळे. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलेलं असतं. तेव्हा ते योग्य होतं. डायलिसिस सुरू झाल्या दिवसापासून हिशेब पालटतो, कारण प्रत्येक वेळी मशिनमधून अमिनो आम्लं वाहून जातात, आणि पीडीत रोज प्रथिनं जातात. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३५ किलोकॅलरी लागतात. ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिनं आणि निदान १४०० किलोकॅलरी. दोन पोळ्या, वाटीभर भात आणि पातळ वरण, एवढ्यावर दिवस काढणारी बाई याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

अंड्याचा पांढरा भाग सर्वांत सोयीचा. एकात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. दोन-तीन पांढऱ्यांची भुर्जी किंवा पोळा रोज झेपतो. शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास आणि तेवढ्याच माशात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. ताजे मासे चालतात, सुकट आणि खारे बोंबील मिठामुळे नकोत. शाकाहारी माणसाने पनीर, दही आणि घट्ट वरण यांवर भर द्यावा. दही-दूध मात्र दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरायचं. कडधान्यांची उसळ अजिबात बंद करू नका. त्यांतलं फॉस्फरस मांसाहारातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. पाकीटबंद पदार्थांत आणि कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळपास सगळं अंगी लागतं, बंद करायचं ते हेच. पोटॅशियम जास्त येत असेल तर उसळीचं प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवून देतील. फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणाच्या घासासोबत घ्यायची असते, रिकाम्या पोटी घेतली तर ती तिचं काम करत नाही.

कॅलरी कमी पडत असतील तर आमटीवर, भातावर एक-दोन चमचे तूप किंवा तेल वाढवणं हा सोपा मार्ग आहे. त्यातून पोटॅशियम, फॉस्फरस, मीठ, पाणी काहीच येत नाही. पोटाचा घेर आधीच मोठा असेल तर ही सवलत घेऊ नये, आणि मधुमेह असेल तर गूळ-साखरेने कॅलरी भरू नयेत.

उपवासाबद्दल स्पष्टच लिहितो. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे सगळे उपवास धरणारी माणसं डायलिसिसला बसलेली असतात. उपवासाच्या ताटात बटाटा, रताळं, शेंगदाण्याचा कूट, खजूर, केळं, म्हणजे पोटॅशियमचे डोंगर. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दिवसभर असं खाऊन पोटॅशियम चढतं आणि मांस झडतं, दोन्ही तोटे एकाच दिवशी. तुमच्या घरात आई किंवा आजी डायलिसिसवर असेल, तर तिच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी तो उपवास धरा आणि तिला जेवू घाला.

भूक नाही, हे उत्तर मिळेल. त्या उत्तरावर थांबू नका. भूक मरण्याची कारणं बहुतेक वेळा सापडतात: डायलिसिस अपुरं होणं, रक्तातली आम्लता, बद्धकोष्ठ, हलणारा दात, लोहाच्या गोळ्या, आणि नैराश्य, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. प्रवासखर्च वाचवायला आठवड्यातलं एक डायलिसिस गाळणाऱ्यांची तर भूक हमखास जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस होतं. पैशामुळे फेरी चुकत असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, संकोच करू नका.

चार तास मशिनवर असताना थोडं खायला मिळालं तर दिवसाची तूट भरून निघते. मात्र ज्यांचं बीपी तेव्हा पडतं त्यांनी ते टाळावं. म्हणून आपल्या सेंटरला विचारूनच डबा न्या.

हालचालीशिवाय नुसत्या प्रथिनांनी स्नायू बनत नाहीत. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, घराभोवती फेऱ्या, एवढ्याने सुरुवात होते. फिस्टुलाच्या हाताने चेंडू दाबण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तसाच करा.

ज्यांना किडनी प्रत्यारोपणासाठी वजन कमी करायला सांगितलं आहे, त्यांचं प्रकरण वेगळं. तिथे वजन उतरवणं गरजेचं असतं, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, प्रथिनं पूर्ण ठेवून, व्यायाम चालू ठेवून. भूक मारणारी नवी इंजेक्शनं ओळखीतल्या कुणाला लागू पडली म्हणून स्वतःहून घेऊ नका. त्यांनी चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि तुमच्याकडे ते आधीच मोजके आहेत.

पुढच्या डायलिसिसला जाताना एक टेप आणि एक वही सोबत न्या. मशिनवरून उतरल्यावर टेक्निशियनकडून दंड आणि पोट मोजून घ्या, तारीख घाला. आणि डॉक्टर राउंडला आले की त्यांना एवढं जरूर विचारा: माझं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं होतं, आणि ते पुन्हा कधी तपासणार?